शनिवार-रविवारी बेंगळूरला सामना पाहायला जाताना: बेळगाव सीमाभागातील प्रेक्षकांसाठी नियोजन

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील क्रिकेटप्रेमींना मोठा सामना प्रत्यक्ष पाहायचा असेल, तर मुंबई आणि बेंगळूर या दोन राजधान्या जवळपास सारख्याच अंतरावर आहेत. दोन्हीकडे सुमारे पाचशे किलोमीटर म्हणजे एका रात्रीचा प्रवास पडतो. येथे विचार बेंगळूरचा केला आहे, कारण बेळगावहूनच सुटणारी रात्रीची गाडी तिकडे जाते आणि गाडीतून उतरल्यावर मेट्रोने थेट चिन्नास्वामी मैदानाजवळ पोहोचता येते. घरी बसून दूरदर्शन संचावर सामना अधिक नीट दिसतो, हे खरेच आहे. तरीही ज्यांना जायचे आहे त्यांनी ही दोन दिवसांची आखणी कोणत्या क्रमाने करावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

बहुतेक मंडळी आधी सामन्याच्या तिकिटामागे लागतात, ते मिळाले की गाडीचे आरक्षण पाहतात आणि परतीचा विचार सर्वांत शेवटी करतात. हा क्रम नेमका उलटा असावा. गाडीचे आरक्षण आणि लॉजची खोली वेळेत रद्द केल्यास थोडेफार पैसे कापून बाकीचे परत मिळतात, सामन्याचे तिकीट मात्र सामना रद्द झाल्याखेरीज परत घेतले जात नाही. म्हणून जे रद्द करता येते ते आधी घ्यावे आणि जे रद्द करता येत नाही ते शेवटी घ्यावे. त्यातही दोन्ही दिवसांचे आरक्षण खुले असेल, तर परतीचे आरक्षण जाण्याच्या आरक्षणापूर्वी घ्यावे. शुक्रवारी रात्री जागा न मिळाल्यास बसने, मित्राच्या मोटारीने किंवा शनिवारी पहाटेच्या गाडीने जाता येते; रविवारी रात्री जागा न मिळाल्यास सोमवारची कचेरी, शाळा किंवा दुकान बुडते.

सामना कोणता निवडावा

परतीच्या गाडीचा विचार सुरुवातीलाच केला, तर कोणता सामना पाहावा हा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो. आयपीएलचे सामने दुपारी साडेतीन आणि संध्याकाळी साडेसात अशा दोन वेळांना सुरू होतात. बेंगळूरहून बेळगावला येणारी सुपरफास्ट गाडी रात्री नऊच्या सुमारास सुटते आणि सोमवारी सकाळी कामाच्या वेळेपूर्वी बेळगावला पोहोचवते. रविवारचा सामना दुपारचा असेल, तर तो साधारण साडेसातपर्यंत संपतो आणि ही गाडी गाठता येते. रविवारचा सामना संध्याकाळचा असेल, तर तो रात्री अकराच्या पुढे जातो आणि ही गाडी हातची जाते. तेव्हा शनिवारचा कोणताही सामना किंवा रविवारचा दुपारचा सामना, एवढेच पर्याय नोकरदार माणसाने डोळ्यांसमोर ठेवावेत. रविवार संध्याकाळच्या सामन्याला जायचेच असेल, तर सोमवारची रजा आधी मंजूर करून घ्यावी आणि मगच पुढची पावले टाकावीत.

एकदिवसीय दिवस-रात्र सामना दुपारी दीडच्या सुमारास सुरू होऊन रात्री साडेनऊच्या आसपास संपतो, त्यामुळे तोही शनिवारी असेल तरच सोयीचा. कसोटीचे गणित वेगळे आहे आणि माझ्या मते बाहेरगावच्या प्रेक्षकाला तीच सर्वांत जास्त मानवते. तिकिटाची ओढाताण तुलनेने कमी असते, दिवसाचा खेळ संध्याकाळी संपतो आणि रात्रीच्या गाडीची घाई होत नाही. मात्र दिवस निवडताना केवळ रविवारवर भिस्त ठेवू नये. ऑक्टोबर 2024 मध्ये चिन्नास्वामीवर झालेली न्यूझीलंडविरुद्धची कसोटी बुधवारी, 16 तारखेला सुरू व्हायची होती; तो पूर्ण दिवस पावसाने खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी भारताचा डाव 46 धावांत आटोपला. शनिवारी आलेल्यांना सर्फराज खानच्या 150 आणि ऋषभ पंतच्या 99 धावा पाहायला मिळाल्या. फक्त रविवारचे तिकीट काढलेल्यांच्या वाट्याला 107 धावांचा पाठलाग आणि न्यूझीलंडचा आठ गडी राखून विजय एवढेच आले, तेही दिवसाच्या पूर्वार्धातच. कसोटी बुधवारी किंवा गुरुवारी सुरू होत असेल, तर शनिवारचे तिकीट घ्यावे. रविवारचे परवडत असेल तर जोडीला घ्यावे.

क्रिकेटशिवाय इतर खेळांसाठी जाणाऱ्यांनीही हीच पद्धत ठेवावी. श्री कंठीरवा मैदान चिन्नास्वामीपासून फार दूर नाही. तेथे बेंगळुरू एफसीचे फुटबॉल सामने होतात, 2023 मध्ये भारताने कुवेतला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून सॅफ (दक्षिण आशियाई फुटबॉल) करंडक तेथेच जिंकला आणि 5 जुलै 2025 रोजी नीरज चोप्राच्या नावाने भालाफेकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा तेथेच झाली. ती स्पर्धा शनिवारी होती, म्हणजे बाहेरगावच्यांना अगदी सोयीची.

आरक्षणाचे दिवस मोजणे

रेल्वेचे आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. सामन्यांचे वेळापत्रक जाहीर झाले, की ते दिनदर्शिकेसमोर ठेवून आपल्याला हवा तो शनिवार-रविवार शोधावा आणि त्यापूर्वीच्या शुक्रवारपासून साठ दिवस मागे मोजावेत. उदाहरणादाखल 2025 ची आयपीएल घेऊ. वेळापत्रक 16 फेब्रुवारीला जाहीर झाले आणि बेंगळूर-चेन्नई सामना शनिवारी, 3 मे रोजी चिन्नास्वामीवर होता. शुक्रवारी, 2 मे रोजी रात्री निघणाऱ्या गाडीचे आरक्षण 3 मार्चला सकाळी आठ वाजता खुले झाले. म्हणजे सोबती ठरवायला आणि प्रत्येकाचे नाव, वय व आधारची माहिती जमवून ठेवायला पंधरा दिवस होते. (तो सामना यजमानांनी अवघ्या दोन धावांनी जिंकला, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.)

स्पर्धेच्या सुरुवातीच्या आठवड्यांतील सामन्यांसाठी ही सवड मिळत नाही. वेळापत्रक बाहेर येते तेव्हा त्या दिवसांचे आरक्षण आधीच खुले झालेले असते, म्हणून त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात, परतीची आणि मग जाण्याची तिकिटे काढून मोकळे व्हावे. तत्काळवर विसंबून राहणे मला पटत नाही. वातानुकूलित डब्यांसाठी आदल्या दिवशी सकाळी दहाला आणि शयनयानासाठी अकराला ती खिडकी उघडते. जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळसाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते आणि सामन्याच्या आदल्या दिवशी त्याच जागांवर अनेकांचा डोळा असतो.

डिसेंबरात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले, की त्यासाठी बेंगळूरहून आलेली मंडळी शनिवार-रविवारसाठी घरी जायला निघतात, आणि शुक्रवार रात्रीच्या गाड्यांत व बसमध्ये आपल्याला त्यांच्या शेजारी उभे राहण्याचीही जागा उरत नाही. अधिवेशनाच्या तारखा वर्तमानपत्रात आल्या, की त्या वगळून बेत आखलेला बरा.

जाण्याचे मार्ग

बेळगाव-बेंगळूर सुपरफास्ट ही 2019 मध्ये सुरू झालेली गाडी या प्रवासाचा कणा आहे. ती रात्री नऊच्या सुमारास निघते आणि सकाळी सातच्या आसपास बेंगळूरच्या मुख्य स्थानकावर पोहोचते. मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बेळगावहून त्याआधी निघते. रायबाग, घटप्रभा या बाजूच्या प्रवाशांना तीच जवळची, कारण त्यांना बेळगावला येऊन गाडी बदलावी लागत नाही. 10 ऑगस्ट 2025 पासून वंदे भारतही सुरू झाली आहे. ती पहाटे साडेपाचच्या आत बेळगाव सोडते, दुपारी दोनच्या सुमारास बेंगळूरला पोहोचते आणि अर्ध्या तासात परत फिरून रात्री अकराच्या आत बेळगावला येते. बुधवारी ती नसते, पण आपल्याला शनिवार-रविवारशी कर्तव्य आहे. तिचे भाडे जास्त आहे आणि पूर्ण दिवस बसून जावे लागते, तरी शनिवार संध्याकाळचा सामना पाहून रविवारी दुपारी निघणाऱ्या कुटुंबाला ती फार उपयोगी पडते. लहान मुले रविवारी रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपतात आणि सोमवारची शाळा बुडत नाही. सर्व गाड्यांच्या वेळा निघण्यापूर्वी एकदा पडताळून पाहाव्यात.

आरक्षण करताना बेंगळूरचे कोणते स्थानक, हे बारकाईने पाहणे फार आवश्यक आहे. मुख्य स्थानकाला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचे नाव आहे आणि तिकिटावर ते केएसआर असे येते. बैलहोंगल तालुक्यातील संगोळ्ळीचा हा वीर, ज्याला खानापूर तालुक्यातील नंदगडला फाशी दिले गेले, त्याचे नाव पाहून आपल्या भागातील माणूस सहसा चुकत नाही. यशवंतपूर हे दुसरे स्थानक, तेथूनही मेट्रोने जाता येते. तिसरे सर एम. विश्वेश्वरय्या टर्मिनल मात्र शहराच्या पूर्वेला बैयप्पनहळ्ळीकडे आहे. परतीची गाडी यांपैकी कोठून सुटते हे लक्षात न घेता सामना संपल्यावर भलत्याच स्थानकाकडे धावणे म्हणजे गाडी चुकवण्याची खात्री.

निपाणीला रेल्वे नाही, पण पुणे-कोल्हापूरकडून बेंगळूरला जाणाऱ्या रात्रीच्या खासगी आणि सरकारी स्लीपर बस महामार्गावरून जातात. बसचे तिकीट काढताना चढण्याचे ठिकाण महामार्गावरील नेमका कोणता थांबा आहे, हे फोन करून विचारून घ्यावे. बेळगावहून वायव्य कर्नाटक परिवहनच्या बस मॅजेस्टिकला, म्हणजे बेंगळूरच्या मध्यवर्ती बसस्थानकाला, उतरवतात आणि तेथून मेट्रो चालण्याच्या अंतरावर आहे. बेळगावच्या सांबरा विमानतळाहून विमानही आहे. त्यात प्रवास तासाभराचा असला, तरी बेंगळूरचा विमानतळ देवनहळ्ळीकडे शहरापासून दूर आहे आणि तेथून मैदानापर्यंतचा शनिवारचा रस्ता हा वाचलेला वेळ बराचसा खाऊन टाकतो. स्वतःची मोटार नेणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे: ती लॉजवर ठेवावी आणि सोमवारपर्यंत तिला कामच नाही असे समजावे. मैदानाभोवती सामन्याच्या दिवशी वाहने लावायला जागा मिळत नाही, आणि रात्रीचा सामना पाहून लगेच पाचशे किलोमीटर मोटार हाकणे कोणाच्याही हिताचे नाही.

तिकीट आणि खोली

सामन्याची तिकिटे यजमान संघाच्या किंवा क्रिकेट मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर व अ‍ॅपवरच घ्यावीत. चिन्नास्वामीवरील आयपीएलची तिकिटे देशातील महागड्या तिकिटांत मोडतात आणि मोठ्या सामन्यांची काही मिनिटांत संपतात. खाते आधीच उघडून, पैसे भरण्याची सोय जोडून ठेवावी. सहा जणांचा गट असेल, तर कोण तिकिटे काढणार हे एकानेच अंगावर घ्यावे. प्रत्येकाने वेगवेगळे प्रयत्न केल्यास कोणाला दोन मिळतात, कोणाला एकही नाही, आणि मग भांडणे होतात. समाजमाध्यमांवर जास्त किमतीला विकली जाणारी तिकिटे घेऊ नयेत. तिकिटाचा कोड एकदा दारावर वाचला गेला, की त्याच कोडचे दुसरे तिकीट बाद ठरते, आणि ते ओळखण्याचा कोणताही उपाय दारापर्यंत जाईस्तोवर आपल्याकडे नसतो.

जागा निवडताना दुपारच्या सामन्यात पाठीशी सूर्य असलेली पश्चिमेकडील बाजू घ्यावी, कारण सावली आधी तिकडे येते. या मैदानाच्या सीमारेषा आखूड आहेत, त्यामुळे वरच्या स्वस्त जागेवरूनही खेळ दूर वाटत नाही. 2013 मध्ये ख्रिस गेलच्या नाबाद 175 धावा येथेच झाल्या आणि 2024 मध्ये सनरायझर्स हैदराबादने 3 बाद 287 धावाही येथेच केल्या. असे फटके चालू असताना चेंडू प्रेक्षकांत पडतो, म्हणून लहान मुलांना घेऊन खालच्या रांगेत बसताना नजर खेळाकडेच ठेवावी.

खोली मैदानाजवळ घेण्याचा हट्ट धरू नये. महात्मा गांधी रस्त्याच्या परिसरातील हॉटेले महाग आहेत. मॅजेस्टिक-गांधीनगर भागातील लॉज स्थानकाला आणि बसस्थानकाला जवळ, तर जांभळ्या मार्गावरील कोणत्याही मेट्रो स्थानकाजवळची खोली मैदानाला सोयीची. शुक्रवारी रात्री निघून शनिवारी सकाळी पोहोचणाऱ्यांनी खोली सकाळी सातला मिळेल का, हे आरक्षण करतानाच विचारावे. अनेक लॉज दुपारी बाराशिवाय किल्ली देत नाहीत, आणि मग अंघोळीवाचून अर्धा दिवस पिशव्या सांभाळत फिरावे लागते.

पाऊस आणि ऐनवेळचे बदल

एप्रिल-मे महिन्यांत बेंगळूरला संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळतो. 17 मे 2025 रोजी शनिवारी बेंगळूर-कोलकाता सामन्यात नाणेफेकही होऊ शकली नाही. प्रेक्षकांना तिकिटाचे पैसे परत मिळाले, पण प्रवासाचे आणि खोलीचे पैसे कोण देणार? त्या मोसमात 9 मे रोजी भारत-पाकिस्तान तणावामुळे स्पर्धाच थांबली होती आणि तोच पावसात गेलेला सामना तिचा पुनरारंभ होता. त्याहून मोठा बदल महिलांच्या विश्वचषकाच्या वेळी झाला. बेंगळूरला ठरलेले सामने ऑगस्ट 2025 मध्ये काढून घेऊन नवी मुंबईला नेण्यात आले. आपल्यासाठी तर ही दिशाच उलटी झाली. म्हणून खोलीही विनाशुल्क रद्द करता येईल अशीच घ्यावी, आणि सामन्याच्या आधीच्या आठवड्यात ठिकाण व वेळ रोज एकदा पाहत राहावे.

मैदानावर

केएसआर स्थानकावरून मेट्रोचा जांभळा मार्ग धरल्यास मॅजेस्टिक, सेंट्रल कॉलेज, विधानसौध आणि मग कब्बन पार्क असा चौथा थांबा मैदानाजवळचा आहे. त्यापुढचे महात्मा गांधी रोड स्थानकही जवळच आहे. सामना सुटल्यावर सगळी गर्दी कब्बन पार्ककडे लोटते, तेव्हा थोडे जास्त चालून पुढचे स्थानक गाठलेले अनेकदा सोपे जाते. मोठ्या सामन्यांच्या रात्री मेट्रोच्या फेऱ्या उशिरापर्यंत वाढवतात. त्याची सूचना आदल्या एक-दोन दिवसांत येते, ती जरूर पाहावी. परतीचे मेट्रो तिकीट जातानाच मोबाइलवर काढून ठेवावे.

4 जून 2025 रोजी बेंगळूर संघाच्या आयपीएल विजयोत्सवासाठी जमलेल्या गर्दीत मैदानाच्या दारांबाहेर चेंगराचेंगरी होऊन 11 जणांचा जीव गेला. ही घटना ध्यानात ठेवूनच दाराशी वागावे. तिकिटाशिवाय दारापर्यंत जाऊ नये, सोबत तिकीट नसलेला मित्र ‘बघू, मिळेल आत’ म्हणून आणू नये, आणि सामना सुरू होण्याच्या किमान दीड-दोन तास आधी पोहोचावे. तिकिटावर दाराचा क्रमांक असतो आणि मैदानाची दारे वेगवेगळ्या रस्त्यांना उघडतात. चुकीच्या दाराशी रांग लावून मग गर्दीला कापत उलटे जाणे, हे सर्वांत त्रासदायक. दार ढकलले जात आहे असे दिसताच बाजूला व्हावे, पहिली दोन षटके गेली तरी चालतील. गटातील सर्वांनी आधीच एक भेटण्याचे ठिकाण ठरवावे, कारण हजारो फोन एकाच ठिकाणी चालू असताना मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. तिकिटाचे छायाचित्र किंवा उतरवलेली प्रत फोनमध्ये असावी. पॉवर बँक, पाण्याची बाटली, मोठी पिशवी, छत्री, हेल्मेट अशा वस्तू दारावर सहसा अडवतात आणि परत मिळण्याची हमी नसते. म्हणून फोन खोलीतच पूर्ण चार्ज करावा आणि पिशव्या तेथेच ठेवाव्यात.

रविवारची सकाळ रिकामी असेल, तर मल्लेश्वरमचे काडू मल्लेश्वर मंदिर पाहावे. त्याच्या उभारणीशी शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे यांचे नाव जोडले जाते, आणि मेट्रोचा हिरवा मार्ग त्या भागातून जातो. उभ्याने खाण्याच्या दर्शिनी हॉटेलांत इडली-वडा आणि कॉफी स्वस्तात होते. गाडीत मात्र घरचीच भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी.

शेवटचे दोन तास

रविवारी दुपारचा सामना पाहून रात्री नऊची गाडी धरायची असेल, तर पिशव्या आणि घड्याळ या दोन गोष्टींचा आधी विचार करावा. सकाळी खोली सोडतानाच पिशव्या लॉजच्या कचेरीत ठेवाव्यात, किंवा स्थानकाच्या सामानघरात ठेवून पावती जपावी. लॉज मॅजेस्टिकजवळ घेण्याचा खरा फायदा येथे दिसतो. जांभळ्या मार्गाचे केएसआर मेट्रो स्थानक रेल्वे स्थानकाच्या मागच्या अंगाला आहे, आणि गाडी पहिल्या बाजूच्या फलाटावर लागली असेल तर पिशव्या घेऊन पूल ओलांडायला पंधरा मिनिटे धरावीत. षटके संथ पडून सामना पावणेआठला चालूच असेल, तर उठावे. शेवटचे षटक पाहण्याचा मोह मोठा असतो, पण त्याच षटकानंतर सगळे मैदान एकदम मेट्रोच्या जिन्यावर येते.

गाडी चुकलीच, तर रात्री अकराच्या सुमारास सुटणारी राणी चन्नम्मा हा दुसरा मार्ग आहे. ती बेळगावला सोमवारी सकाळी उशिरा पोहोचते आणि ऐनवेळी तिच्यात आरक्षित जागा मिळणे कठीण असते. त्यापेक्षा मॅजेस्टिकच्या बसस्थानकातून हुबळी-बेळगावकडे रात्री उशिरापर्यंत बस सुटतात, त्यांत बसायची तरी जागा मिळते. थेट बेळगावची बस नसेल तर हुबळीची घ्यावी, कारण हुबळी-धारवाडहून बेळगावला पहाटेपासून बस असतात. निपाणी-चिकोडीच्या प्रवाशांनी कोल्हापूर-पुण्याकडे जाणाऱ्या बसची चौकशी करावी आणि वाहकाला आपला महामार्गावरील थांबा बसमध्ये चढतानाच सांगून ठेवावा.